न विचारता मोजलेलं घर

माझ्या वडिलांना आयुष्यात दोन गोष्टी कधीच सहन झाल्या नाहीत. एक म्हणजे वाकडी भिंत आणि दुसरे माझे सासरे.

भिंतीचं मी समजू शकते. बाबांनी छत्तीस वर्षं मोजणीदार म्हणून काढली. दोन भाऊ जमिनीवरून एकमेकांच्या उरावर बसायला निघायचे, मग बाबा जाऊन तिपाईवर दुर्बीण लावायचे, फीत ताणायचे आणि हद्द कुठे आहे ते सांगून मोकळे व्हायचे. त्यांच्या एका शब्दावर कुंपणं हलली आहेत. ही खोड घरातही गेली नाही. पंखा छताच्या मधोमध नाही हे त्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कळतं, आणि मग तो पंखा त्यांना वारा लागू देत नाही. आई म्हणते, "आमच्या लग्नाचा फोटो बघ. मी यांच्याकडे बघतेय आणि हे मागच्या वाकड्या पडद्याकडे."

सासऱ्यांचं मात्र मला समजायला वेळ लागला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. फर्निचरचं दुकान होतं त्यांचं, आता भाच्याच्या हवाली केलंय. उंच, हसरा, सढळ हाताचा माणूस. नाव ठेवायला जागा नाही, आणि बाबांना राग नेमका त्याचाच. माझी मुलगी झाली तेव्हा अण्णांनी स्वतः रंधा मारून पाळणा केला. बाबांनी खुळखुळा आणला होता, तो त्या पाळण्याच्या दांडीला टांगला गेला. "म्हणजे माझी वस्तूसुद्धा त्यांच्याच वस्तूला लटकलेली," असं बाबा त्या दिवशी म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

ती पाळण्यातली बिट्टी आता अठरा वर्षांची झाली. तिला प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा कोर्स करायचा होता. आम्ही राहतो त्या गावात असलं काही नाही. संस्था होती ती तिच्या दोन्ही आजोबांच्या शहरात, दोघांच्याही घरापासून साधारण सारख्याच अंतरावर. बाबांच्या मते त्यांच्या घरापासून एकशे चाळीस मीटर जवळ. कोर्स दोन वर्षांचा, आठवड्यातले तीन दिवस संस्थेत आणि बाकीचे घरून ऑनलाइन. प्रवेशासाठी मुलाखत, तीही ऑनलाइन. संस्था हाकेच्या अंतरावर असली तरी नियम सगळ्यांना सारखा.

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की बिट्टी दोन वर्षं कुणाकडे राहणार?

मी आणि माझ्या नवऱ्याने तोंड बंद ठेवलं. आपण एक नाव घेतलं की दुसऱ्या घराचं दार आपल्या तोंडावर बंद, एवढी अक्कल लग्नाच्या वीस वर्षांत येतेच. बिट्टीला मात्र कुठली आलीय अक्कल. दोन्ही आजोबांना तिने एकच उत्तर दिलं, "जिथे इंटरनेट नीट चालेल तिथे राहीन."

आठ दिवसांत अण्णांच्या घरी नवा राउटर आला. बाजारातला सगळ्यात महागडा.

मी तेव्हा तीन आठवड्यांची रजा काढून माहेरी आले होते. मुलाखतीपर्यंत थांबायचं, बिट्टीचं बस्तान बसवायचं आणि परत जायचं, असा बेत. बिट्टी अण्णांना भेटून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आजोबा, अण्णांनी काय भारी राउटर आणलाय! सहा अँटेना आहेत."

बाबा वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र तसंच राहिलं, पण पान उलटायचं थांबलं.

"सहा?"

"हो. उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा दिसतो."

"आपल्याला किती आहेत?"

"दोन," बिट्टी म्हणाली. "एक मोडलाय."

त्या दिवशी बाबा जेवले, पण आईने काय वाढलं होतं ते त्यांना सांगता आलं नसतं. एकदा मधेच म्हणाले, "अँटेना म्हणजे काय शिंगं आहेत का, मोजून किंमत करायला?" आई म्हणाली, "कुणी केली किंमत? तुम्हीच मोजताय मघापासून."

बाबांच्या घरात वायफाय रडतखडत चाले हे खरं होतं. घर एकामागे एक चार खोल्यांचं, मधे अरुंद बोळ. राउटर पुढच्या खोलीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात, आणि बिट्टीची खोली सगळ्यात मागे. मधे तीन भिंती, लोखंडी कपाट आणि फ्रिज. मागच्या खोलीत व्हिडिओ लावला की माणसं तोंड उघडं ठेवून थिजायची.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन दुकानात गेले. विक्रेता तरतरीत होता. त्याने अण्णांकडचा तोच सहा शिंगी डबा पुढे ठेवला. "हाच घ्या काका. तीन मजले आरामात खेचतो."

"माझं घर एक मजली आहे."

"पुढेमागे वाढवाल की."

"मी बहात्तर वर्षांचा आहे. आता वर जायचं ते एकदाच."

विक्रेता हसला आणि त्याने किंमत सांगितली. आमच्याकडच्या साध्या राउटरच्या साडेपाच पट. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, घेणार. त्यांच्या डोळ्यांसमोर तो डबा नव्हताच, अण्णा होते. हातात पाकीटसुद्धा आलं होतं. तेवढ्यात त्या पोराने विचारलं, "घर किती फुटांचं आहे काका, अंदाजे?"

अंदाजे! हा शब्द बाबांना शिवीसारखा लागतो. त्यांनी पाकीट परत खिशात घातलं. "आधी मोजतो, मग सांगतो," म्हणाले आणि बाहेर पडले.

मग दोन दिवस आमच्या घराची मोजणी झाली. बाबांनी खडूने सगळ्या फरशीवर मीटर-मीटरचे चौकोन आखले. फितीचं एक टोक माझ्या हातात. बिट्टी मोबाइल घेऊन प्रत्येक चौकोनात उभी राहायची आणि सिग्नल शंभरपैकी किती ते ओरडायची. बाबा आलेखाच्या कागदावर आकडा टिपायचे. आई परात घेऊन चौकोनात बसलेली असली की तिला उठवायचे.

"अहो, कणीक मळतेय मी."

"दोन मिनिटं. तुझ्यामुळे तीन कमी दाखवतोय."

"पंचेचाळीस वर्षं मी आहे म्हणून इथे काहीतरी दाखवतंय," आई म्हणाली, पण उठली.

नकाशा तयार झाला तेव्हा बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. सारख्या सिग्नलच्या जागा त्यांनी रेघांनी जोडल्या होत्या, डोंगराच्या नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडतात तशा. डोंगर पुढच्या कोपऱ्यात होता आणि त्याचा निम्मा उतार घराबाहेर गेला होता. आमच्या वायफायची सगळ्यात जोरदार रेंज रस्त्यावर, शेजाऱ्याच्या स्कूटरपाशी होती.

"राउटर कोपऱ्यात कुणी ठेवायला सांगितला?" मी विचारलं.

कुणी म्हणजे? बाबांनीच. मोजणीचा पहिला खुणेचा दगड नेहमी कोपऱ्यात असतो, सगळी मापं तिथून निघतात. माणूस डबा बसवायला आला तेव्हा त्याने "मधे लावू का?" असं विचारलंही होतं. बाबांनी त्याला दहा मिनिटं कोपऱ्याचं महत्त्व सांगितलं होतं.

त्यांनी मुकाट्याने लांब वायर आणली आणि राउटर बोळाच्या मध्यावर, फ्रिज ओलांडून, डोक्याच्या उंचीवर लावला. मागच्या खोलीत शंभरपैकी अठरा होते, तिथे सदुसष्ट झाले. मोडक्या अँटेनासकट. खर्च म्हणाल तर एक वायर आणि दोन खिळे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती. पण काम फुकटात झाल्याच्या आनंदापेक्षा बाबांना दुसराच आनंद खुणावत होता. व्याह्यांनी एवढे पैसे घातले, त्यांचे किती भरतात?

"सहज भेटून येऊ," ते म्हणाले. वीस वर्षांत बाबा अण्णांकडे सहज कधीच गेले नव्हते.

अण्णांचं घर दुमजली. दारातून आत गेलं की समोरच शोकेस. दुकान भाच्याला द्यायच्या आधी त्यांनी स्वतःसाठी केलेली शेवटची वस्तू. मागे पूर्ण आरसा, पुढे काचेची दारं, वर पिवळा दिवा. मधल्या फळीवर कपबशा असायच्या. आता तिथे तो राउटर विराजमान होता. मागच्या आरशात त्याच्या सहा शिंगांची बारा दिसत होती.

"कसा वाटतो?" अण्णांनी विचारलं.

"देखणा आहे," बाबा म्हणाले. आतून त्यांना काय काय चावत होतं ते मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

अण्णांनी चहा केला. माझ्या सासूबाई गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून चहा तेच करतात, आणि दरवेळी एक कप जास्तच होतो. मग म्हणाले, "वरची मागची खोली उघडलीय बिट्टीसाठी." मी कप खाली ठेवला. ती सासूबाईंची शिवणाची खोली. त्या गेल्यापासून अण्णांनी तिचं कुलूप काढलं नव्हतं. "शिवणयंत्र हलवलं. टेबल केलंय नवीन. मुलाखत गुरुवारी अकराला ना? इथूनच देऊ दे. बुधवारीच येऊन राहू दे म्हणजे धावपळ नको."

"जरा बाथरूमला जाऊन येतो," बाबा म्हणाले.

"खाली आहे की."

"वरच्या जातो. गुडघ्यांना जिना चांगला."

बाबा वीस मिनिटांनी खाली आले. चेहरा असा, की डॉक्टरने सगळे रिपोर्ट नॉर्मल सांगितलेत. परतताना रिक्षात ते चक्क शीळ घालत होते. मी विचारलं, "मग? कसा आहे त्यांचा राउटर?"

"उत्तम," बाबा म्हणाले. "उत्तम आहे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबा अण्णांच्या कुठल्याही गोष्टीला उत्तम म्हणत नाहीत.

बुधवारी दुपारी बिट्टी बॅग घेऊन अण्णांकडे गेली. बाबांनी तिला अडवलं नाही, "इथेही चालतं आता" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. उलट बॅग रिक्षात ठेवून दिली. आईला ते पचलं नाही. तिने त्यांच्या टेबलाचा खण उघडला आणि आलेखाचा एक कागद काढून माझ्यासमोर धरला. "हे कुणाचं घर गं?"

दोन मजले, मधे जिना. खालच्या मजल्यावर शोकेसच्या पुढ्यात ब्याण्णव लिहिलं होतं. वरच्या मागच्या खोलीत टेबलाच्या जागी नऊ. त्या नवाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता, एकदा नाही, तीनदा.

"आरसा," बाबा दारात उभे होते. "मागचा आरसा सिग्नल अडवतो. सगळा जोर पुढे, सोफ्यावर. मुलगी आजवर तिथेच बसत आली, तिला काय कळणार. एवढा महागडा डबा आणून आरशाला तोंड दाखवायला ठेवलाय."

"आणि उद्या ती त्या खोलीत बसणार," मी म्हणाले.

"हो."

"आणि मुलाखत अडकणार."

"मग इथे येईल. संस्था एकदा पुन्हा संधी देते, मी नियम वाचलेत. अडकली की तिचं तिलाच कळेल कुठे राहायचं. आपण कुणाला वाईट म्हटलं नाही, काही नाही. सुंठीवाचून खोकला गेला."

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. माझ्या पोरीची मुलाखत म्हणजे तुमच्या हद्दीच्या भांडणातला दगड आहे का, असं मी विचारलं. मी फोन उचलला तसा आईने माझा हात धरला. "थांब. तू सांगितलंस तर ते तुझं होईल. सांगायचं तर यांनी सांगू दे." मग त्यांच्याकडे वळून ती अगदी हळू म्हणाली, "त्यांच्या घरात दुसरा कप प्यायला कुणी नाहीये हो. तुमच्याकडे मी तरी आहे."

"तेच तर," बाबा एकदम उसळले. "सहानुभूती त्यांनाच! पाळणा त्यांचा, सायकल त्यांची, पोरगी पहिल्यांदा चालली तीही त्यांच्या अंगणात. मला काय मिळालं? खुळखुळा!"

बहात्तर वर्षांचा माणूस ओठ गच्च मिटून उभा होता. मला त्यांची दया आली आणि रागही तेवढाच आला. मी ठरवलं, सकाळी नऊपर्यंत वाट बघायची, मग मी अण्णांना सांगणार. आई काहीही म्हणो.

साडेआठला बाबा दारात बूट घालत होते. खांद्यावरच्या पिशवीत वायर, फीत, हातोडी आणि सपाटी बघायची पाणसळ. मीही चपला घालून निघाले.

अण्णांनी दार उघडलं तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. जणू मुलाखत त्यांचीच. बिट्टी वर अंघोळीला गेली होती.

"व्याही, शोकेस उघडा," बाबा म्हणाले.

"का? काय झालं?"

बाबांनी पिशवीतून कागद काढला आणि शोकेसच्या काचेवर तळव्याने दाबून धरला. अण्णांनी चष्मा लावून बघितला. लाकडात काम केलेला माणूस, नकाशा त्यांना लगेच कळला.

"हे माझं घर आहे."

"हो."

"तुम्ही माझं घर मोजलंत? मला न विचारता?"

"बाथरूमला जातो म्हणून."

अण्णांना हसू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही. त्यांनी लाल गोलावर बोट ठेवलं. "म्हणजे त्या दिवशीच तुम्हाला माहीत होतं. मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

बाबा मोजणीदार आहेत. मोजलेलं लपवणं त्यांना एकदाच जमलं होतं, दुसऱ्यांदा जमेना. ते सरळ अण्णांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "मला ती माझ्याकडे हवी होती. तुमचं सगळं फसलेलं मला बघायचं होतं."

अण्णांनी किल्ली फिरवून शोकेसचं दार उघडलं.

"कुठे न्यायचा सांगा," ते म्हणाले.

जिन्याच्या वळणावर, भिंतीला धरून, छातीच्या उंचीला. बाबांनी जागा काढली. अण्णांनी दहा मिनिटांत तिथे फळी मारली, आणि मी सांगते, ती फळी इतकी सरळ होती की बाबांनी तिच्यावर पाणसळ ठेवून बघितली आणि काहीच न बोलता काढून घेतली. वर जाऊन मोबाइल बघितला. नवाचे एक्क्याऐंशी झाले होते. बाबांनी नवावर रेघ मारून तो आकडा लिहिला आणि कागद बिट्टीच्या टेबलावरच राहिला.

बिट्टी केस पुसत बाहेर आली तेव्हा दोन्ही आजोबा जिन्यात बसून चहा पीत होते. त्या दिवशी कप उरला नाही.

मुलाखत पंचवीस मिनिटं चालली आणि एकदाही अडकली नाही. आठ दिवसांनी प्रवेश मिळाला. त्याच दिवशी बाबांनी आमच्या मागच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलं आणि रंगाचे नमुने आणून बिट्टीसमोर पसरले. तिने त्यांच्या गळ्यात हात टाकला. मुलाखतीआधी आमच्यात काय झालं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

"आजोबा, मी अण्णांकडे राहते ना."

"का?" बाबांचा आवाज मला जेमतेम ऐकू येईल इतका खाली गेला होता.

"मी सांगितलं होतं ना, नेट बघून ठरवणार म्हणून. तुमच्याच कागदावर आहे. इथे सदुसष्ट, तिथे एक्क्याऐंशी."

हद्दीचा दगड एकदा रोवला की त्याच्याशी भांडायचं नाही, हे बाबांनी आयुष्यभर लोकांना शिकवलं. त्यांनी रंगाचे नमुने एकावर एक नीट रचले आणि रबर लावलं. महागडा राउटर आणू या का, असं आईने त्यांना मुद्दाम विचारलं. "चौदा आकड्यांसाठी?" ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, "तिथे आता फळीसुद्धा सरळ आहे."

मी परत आले. दर रविवारी संध्याकाळी बिट्टी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावते आणि मलाही त्यात ओढते. तिचं चित्र फार स्वच्छ येतं. टेबलाची धार, मागच्या भिंतीपाशी सरकवलेलं सासूबाईंचं शिवणयंत्र, सगळं लख्ख. गेल्या रविवारी बोलता बोलता अण्णा मागून आले. संत्रं सोलत होते. एकेक फोड सोलायची, बी काढायची आणि तिच्या हातावर ठेवायची, असं चाललं होतं. ती बघतही नव्हती, नुसती खात होती. फोडीवरचा पांढरा दोरासुद्धा दिसत होता.

बाबा स्क्रीनच्या अगदी जवळ आले होते.

"नीट दिसतंय ना आजोबा?" बिट्टीने विचारलं.

"दिसतंय," बाबा म्हणाले. "सगळं दिसतंय."